झाकरीचे वादक आणि ऑर्केस्ट्रा

मुंबई बंदरातून मॉरिशसला आलेल्या आपल्या पूर्वजांपैकी पुष्कळजण कोकणातले, रत्नागिरीकडचे. ते उसाच्या कोठीवर राबायला आले होते. गाण्याबजावण्याचा पगार त्यांना कोणी देत नव्हते. दिवसभर ऊस तोडायचा आणि गणपतीच्या रात्री मृदंग मांडीवर घ्यायचा, अशी त्यांची कला.

कोकणात जिला जाखडी म्हणतात, तीच आपली झाकरी. वादक आणि गाणारे मध्ये बसतात. नाचणारे पायात घुंगरू बांधून त्यांच्याभोवती फेर धरतात. मुख्य गाणारा ओळ टाकतो, बाकीचे ती झेलतात. सुरुवातीची संथ लय हळूहळू चढत जाते. ती किती चढवायची, हे मृदंगवाला नाचणाऱ्यांच्या पायांकडे बघून ठरवतो.

पुढे देशात संगीताचे रीतसर शिक्षण आले. मोका येथे १९७० साली महात्मा गांधी संस्थेचा पाया घातला गेला. तेथे आपली मुले तबला, सतार, व्हायोलिन, गायन शिकू लागली. त्यामुळे उत्सवात व्यावसायिक वादक दिसू लागले. ही अभिमानाचीच गोष्ट आहे.

मी नुकतीच शिक्षिका झाले होते तेव्हाची आठवण सांगते. आमच्या गावच्या गणेशोत्सवात पैसे देऊन ऑर्केस्ट्रा बोलावला होता. त्यांच्याबरोबर गावच्या मंडळींनी झाकरी करावी, असे ठरले. माझे वडील मृदंग वाजवत. तालमीला वादकांना मंचाच्या कडेला एका रांगेत बसवले. त्यामुळे नाचणाऱ्यांचा फेर धरायला मध्ये कोणी उरलेच नाही. कीबोर्डवाल्याने लय मशीनवर बांधून दिली होती. वडिलांचा हात पुढे जाई, मशीन मागे राही. शेवटी, "काका, तुम्ही नुसती झांज धरा," असे त्यांना सांगण्यात आले. वडील काही बोलले नाहीत. मृदंगावर कापड घालून ते उठले.

त्यांना थांबवले ते मोक्याला शिकलेल्या तरुण तबलजीने. तो म्हणाला, "काका, तुम्ही मध्ये बसा. आम्ही तुमच्या मागे येतो." मशीन बंद झाले. ऑर्केस्ट्रा मागच्या बाजूला सरकला, हार्मोनियम गाणाऱ्याच्या पट्टीत लावली. उत्सवाच्या रात्री लय चढली, तेव्हा तबलजीची नजर वडिलांच्या हातावर होती आणि वडिलांची नाचणाऱ्यांच्या पायांवर.

त्या रात्री मला समजले की शिकलेला वादक आणि हौशी वादक यांच्यात लहानमोठा कोणी नाही. पण झाकरी ज्यांनी जपली, त्यांच्याकडूनच ती घ्यावी लागते. २०१६ साली युनेस्कोच्या यादीत गेलेली आपल्या भोजपुरी बहिणींची गीत-गवाईसुद्धा लग्नघरातल्या बायकांनीच जिवंत ठेवली.

आज वडील नाहीत. त्यांची गाण्यांची वही माझ्याकडे आहे. घरी क्रेओल बोलणारी माझी मुले वर्गात त्या ओळी मराठीत उतरवून घेतात. पण ठेका वहीत मिळत नाही. आपल्या गावात मृदंग वाजवणारे कोणी आजोबा असतील, तर यंदाच्या गणपतीत नातवंडांना त्यांच्याजवळ, फेराच्या आत बसवा.