परत न करायचे पैसे

सरकारनं आपल्या भागात लोकांच्या हाती पैसा देणं नवं नाही. नवं आहे ते परत न मागणं.

सातारा आणि सांगली तेव्हा वेगळे जिल्हे नव्हते. इंग्रजांनी १८८३ आणि १८८४ मध्ये कायदे करून तगाईला रीतसर रूप दिलं. विहिरीला, बियाण्याला, बैलाला पैसा मिळे, पण तो कर्जाऊ आणि जमीन कसणाऱ्यालाच. आपल्यातल्या पिंजारी, मोमीन, अत्तार घरांतल्या कित्येकांकडे जमीनच नव्हती. त्यांच्यासाठी सावकार होता. पुढे १९६५ मध्ये वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग केला. तिथं जमिनीची अट गेली, पण पैसा घाम गाळल्यावरच.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. तेव्हा ना सातबारा लागला, ना घाम. ज्याच्या घरात पाणी शिरलं त्या कुटुंबाला ग्रामीण भागात १०,००० आणि शहरात १५,००० रुपये. त्यातले ५,००० रोख, बाकीचे बँकेत. गरीब-श्रीमंत, हिंदू-मुसलमान असा प्रश्न नव्हता.

सांगलीतल्या माझ्या खालाला मात्र प्रश्न पडलाच. १२ ऑगस्टला बकरी ईद झाली, तेव्हा घरात गुडघाभर चिखल. आयुष्यभर जकात देणारी बाई, रोख रक्कम हातात आली तेव्हा मला विचारते, "ये खैरात तो नै ना?" मी म्हणालो, नाही खाला, हक्क आहे. तिला ते फारसं पटलं नसावं.

खर्च ती वहीत लिहिते. रोख पैसे आठवड्यात संपले : फिनेल, खराटे, शेगडी, दोन गाद्या, नातीची पुस्तकं. बँकेतले येईपर्यंत किराणा उधारीवर चालला होता, म्हणून त्यातले बहुतेक थेट दुकानदाराकडे गेले. अशा वेळी लोक पैसे उडवतात असं शिक्षकांच्या खोलीतही ऐकलंय. मी पाहिलेल्या घरांत उडवण्याइतके ते हातात टिकलेच नाहीत.

भांडण झालं ते वेगळ्याच गोष्टीवरून. पंचनाम्याला आलेल्यांनी रेशनकार्ड पाहिलं : एक कार्ड, एक कुटुंब. घरात चुली दोन. तलाक झालेली मुलगी मागच्या खोलीत वेगळी राहते, वेगळं रांधते, पण नाव आईच्याच कार्डावर. तिची शिलाई मशीन बुडाली होती. कागदावर ती कुटुंब नव्हती.

वहीत तिच्या नावासमोर २,००० आहेत. खालानं पुढे उर्दूत 'कर्ज' लिहिलंय. परतफेडीची नोंद कुठंच नाही.