जुन्या चित्रफितीतून छायाचित्र

दिवंगत आप्ताचा चेहरा कधी केवळ लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्येच उरलेला असतो. तिचे डिजिटल रूपांतर केल्यावर फोटोशॉपमधील ‘व्हिडिओ फ्रेम्स टू लेयर्स’ या आज्ञेने हवी ती फ्रेम वेगळी काढता येते. भारतात रूढ असलेल्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ फ्रेम असतात. प्रत्येक फ्रेममधील सम आणि विषम ओळी १/५० सेकंदाच्या अंतराने टिपलेल्या. त्यामुळे हलत्या चेहऱ्याच्या कडा फणीच्या दातांसारख्या दिसतात. म्हणून आधी ‘डी-इंटरलेस’ फिल्टर लावावा. डाग-ओरखडे मागाहून पुसावेत. निर्यातीसाठी टिफ बरे, कारण जेपेग प्रत्येक फेरसंपादनानंतर जतन करताना थोडा तपशील गमावते. मात्र ७२० × ५७६ पिक्सेलची ही फ्रेम इंचाला ३०० पिक्सेलने छापल्यास जेमतेम ६ सेंटिमीटर रुंद भरते. तसबिरीएवढी ताणली, तर चेहरा धूसरच दिसतो.