एका बाजूचा आवाज कमी येतोय? ॲम्प्लिफायर उघडण्याआधी हे तपासा

सोलापूर : पंढरपूरच्या चार वाऱ्या, जानेवारीतली सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा, शिवाय गावोगावचे सप्ताह, जत्रा आणि लग्नं. जिल्ह्यातल्या साउंडवाल्यांच्या मशीनला उसंत नसते. कीर्तन रंगात आलं असताना डावा बॉक्स दणदणीत आणि उजवा पुटपुटतोय असं झालं, की निम्मा मंडप कान टवकारून बसतो. गर्दीत चुकलेल्या लेकराचा पुकारा असेल, तर तो निम्म्या लोकांपर्यंत पोचतच नाही.

अशा वेळी बहुतेकजण कमी बाजूचा नॉब वाढवून वेळ मारून नेतात. पण दोष तिथंच राहतो आणि पुढच्या कार्यक्रमात वाढतो. खरं तर दोष कुठं आहे, हे दहा मिनिटांत कळू शकतं.

सुरुवात सोप्या गोष्टींपासून

मिक्सरचा बॅलन्स किंवा पॅन नॉब मध्यावर आहे का, दोन्ही चॅनलचे व्हॉल्यूम सारखे आहेत का, पिन पूर्ण आत बसली आहे का, हे आधी बघा. मोबाईलवरून गाणं लावलं असेल तर मोबाईलच्या सेटिंगमधला डावा-उजवा बॅलन्सही तपासा. गाण्यात मुळातच दोन्ही बाजू वेगळ्या असू शकतात, म्हणून चाचणी माईकवर बोलून करावी. ॲम्प्लिफायरच्या मागचा स्टिरिओ, मोनो, ब्रिज असा स्विच चुकून सरकलेला नाही ना, तेही पाहा.

अदलाबदल करून दोष पकडा

प्रत्येक वेळी मशीन बंद करूनच वायरी बदला.

1. ॲम्प्लिफायरच्या इनपुटच्या दोन्ही पिना आपापसात बदला. कमी आवाज दुसऱ्या बाजूला गेला, तर दोष मिक्सरमध्ये किंवा त्या वायरीत आहे. कमी बाजू तीच राहिली, तर दोष ॲम्प्लिफायरमध्ये किंवा त्याच्या पुढं आहे.

2. आता इनपुट पूर्ववत करा आणि आउटपुटच्या स्पीकर वायरी बदला. तोच बॉक्स अजूनही कमी वाजत असेल, तर दोष बॉक्स किंवा त्याच्या वायरीचा. दुसरा बॉक्स कमी वाजू लागला, तर ॲम्प्लिफायरचं ते चॅनल कमजोर आहे.

इनपुटच्या एक्सएलआर वायरीतली एक तार तुटली, तर अनेकदा आवाज बंद न होता नुसता कमी होतो. त्यामुळं 'वायर चालू आहे' एवढ्यावर विसंबू नये.

वायर आणि लोड

लांब, बारीक वायर आवाज खाते. 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर 50 मीटर ओढली, तर जाऊन-येऊन 100 मीटर होते आणि तिचा रोध पावणेदोन ओहमच्या आसपास भरतो. पुढं 4 ओहमचा बॉक्स असेल, तर त्याला जवळजवळ निम्मीच पॉवर मिळते. एका बाजूला 10 मीटर आणि दुसऱ्या बाजूला 50 मीटर वायर असेल, तर फरक जाणवणारच.

बॉक्सची वायर सोडवून मल्टिमीटरनं रोध मोजा. 8 ओहमचा स्पीकर साधारण 6 ते 7 ओहम दाखवतो. काहीच दाखवत नसेल तर कॉइल किंवा वायर तुटलेली आहे. 8 ओहमचे चार स्पीकर पॅरलल जोडले की लोड 2 ओहम होतो. मशीन 4 ओहमपर्यंतचंच असेल, तर ते चॅनल तापून प्रोटेक्शनमध्ये जातं.

कर्णे 100 व्होल्ट लाइनवर असतील, तर सगळ्या कर्ण्यांच्या टॅपिंगच्या वॅटची बेरीज मशीनच्या वॅटपेक्षा कमी ठेवा. 250 वॅटच्या मशीनला या लाइनवर 40 ओहमपेक्षा कमी लोड चालत नाही.

एका बॉक्सचे प्लस-मायनस उलटे जोडले गेले, तर दोन्ही वाजतात, पण मध्ये बसलेल्यांना बेस गायब वाटतो. हा दोष नसून जोडणीतली चूक आहे.

दोष मशीनचाच असेल तर

नॉब फिरवताना खरखर होत असेल, तर व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये धूळ बसली आहे. कॉन्टॅक्ट क्लीनरनं बरेचदा काम भागतं. त्याखेरीज आउटपुटचा सुटलेला डाग, रिलेचे काळे पडलेले कॉन्टॅक्ट, उडालेला फ्यूज आणि उन्हाळ्याच्या तापात सुकलेले कपॅसिटर ही नेहमीची कारणं.

स्पीकर काढून, इनपुट न देता आउटपुटवर डीसी व्होल्ट मोजा. काही मिलिव्होल्ट दिसले तर ठीक. काही व्होल्ट दिसले तर आउटपुट ट्रान्झिस्टर गेलेला असू शकतो; त्याला बॉक्स लावू नका, कॉइल जळेल. 100 व्होल्ट लाइनच्या ट्रान्सफॉर्मर आउटपुटवर मात्र ही चाचणी लागू पडत नाही.

प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. म्हणून झाकण उघडायचं काम मेकॅनिकलाच करू द्यावं. कोणती अदलाबदल केली आणि काय झालं, हे त्याला सांगितलं तर दुरुस्ती लवकर होते.

दोन्ही बाजू सारख्या वाजल्या, की एकूण आवाज कमी ठेवूनही शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचतो. ध्वनी प्रदूषण नियम, 2000 नुसार रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, हे ध्यानात ठेवलेलं बरं.