भाताचा कोंडा : उखळापासून तेलापर्यंत



कल्याण, मुरबाड, शहापूर भागात पूर्वी भात घरीच उखळात कांडत. हातसडीच्या तांदळावर कोंड्याचा थोडा थर राही. मग हलर गिरणी आली. बायकांचे कष्ट वाचले, पण तांदूळ पांढरा झाला आणि कोंडा गुरांपुढे गेला.

हा कोंडा किती मोलाचा, ते जावा बेटावर डच डॉक्टर आइकमन यांना १८९० च्या दशकात दिसले. पॉलिशच्या तांदळावर ठेवलेल्या कोंबड्यांचे पाय लुळे पडले; कोंड्यासकट तांदूळ देताच त्या सुधारल्या. या शोधाबद्दल त्यांना १९२९ साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोंड्यातले ते सत्त्व म्हणजे ब-१ जीवनसत्त्व.

कोंड्यात शेकडा १५ ते २० भाग तेलही असते. ते कारखान्यात काढून शुद्ध करतात. त्यात ई जीवनसत्त्व आणि ओरायझेनॉल असते. कोलेस्टेरॉल उतरायला या तेलाची मदत होते. मात्र ब-१ तेलात उतरत नाही.

तेव्हा घरचा तांदूळ फार पांढरा करू नका. कोंडा तेलासाठी विकायचा, तर भात रबर-रोलर गिरणीत भरडा. तिथे तूस वेगळे निघते, हलरात ते कोंड्यात मिसळते. आणि कोंडा त्याच दिवशी पोचवा. काही तासांतच तो खवट होऊ लागतो.