मूळ प्रश्न कोणता?



ज्या शाळेत पाटीवर पहिले अक्षर गिरवले, तिच्याच व्यासपीठावरून गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ बोलण्याची संधी मिळावी, हे मी माझे भाग्य समजतो. गुरुजी आम्हांला इतिहास शिकवीत. सनावळ्या पाठ करून घेण्यात त्यांना रस नव्हता. धडा संपला, की ते पुस्तक मिटून एवढेच विचारीत, "मूळ प्रश्न कोणता होता?" आजच्या व्याख्यानाला मी तेच शीर्षक दिले आहे. राज्यकर्ते आणि प्रसारमाध्यमे लोकांचे लक्ष मूळ प्रश्नावरून कसे दूर नेतात, याची उदाहरणे जगाच्या इतिहासात पुष्कळ सापडतील. परंतु त्यासाठी फार लांब जाण्याचे कारण नाही. आपल्या आदिलाबाद जिल्ह्यातील एकाच प्रश्नाचा ऐंशीहून अधिक वर्षांचा प्रवास पाहिला तरी पुरे.

हा प्रश्न जमिनीचा आहे. या डोंगराळ मुलखात गोंड, कोलाम आणि परधान पिढ्यानपिढ्या राहत आले. शेत काही वर्षे कसावे, मग त्याला विसावा देऊन दुसरीकडे जावे, अशी त्यांची रीत होती. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजाम सरकारच्या जंगलखात्याने राखीव वनांच्या सीमा आखल्या. त्या सीमांच्या आत गावे आली, शेते आली. कागदावर नाव नसलेला मनुष्य आपल्याच शेतात अतिक्रमण करणारा ठरला. त्याच काळात रस्ते झाले आणि सपाटीवरील शेतकरी, व्यापारी, सावकार येऊ लागले. त्यांना कागदाचे मोल ठाऊक होते, गोंडाला नव्हते.

1940 साली जोडेघाटच्या परिसरात कोमाराम भीम आपल्या सहकाऱ्यांसह निजामाच्या पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडला. त्याची मागणी जंगल आणि जमीन यांवरील हक्काची होती. राजवटीच्या लेखी मात्र ते 'बंड' होते. शब्दाचे सामर्थ्य पाहा. एकदा 'बंड' म्हटले, की पुढचा विषय बंदोबस्ताचा होतो. जमिनीचा राहत नाही.

एक गोष्ट मात्र त्या राजवटीच्या बाजूने नोंदवली पाहिजे. रक्तपातानंतर तिने कारणांचा शोध घेण्याचे काम ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्याकडे सोपवले. दुसऱ्या महायुद्धामुळे हे गृहस्थ हैदराबाद संस्थानात अडकून पडले होते. ते मारलावाई येथे गोंडांमध्ये राहिले आणि त्यांनी रोगाचे मूळ जंगल व जमीन यांच्या व्यवस्थेत दाखवले. पुढे हजारो आदिवासी कुटुंबांना पट्टे मिळाले. 1943 मध्ये मारलावाईत गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले, आणि गोंडीची पहिली क्रमिक पुस्तके देवनागरीत तयार झाली. केसलापूरच्या नागोबाच्या जत्रेत अधिकाऱ्यांनी आदिवासींसमोर बसून गाऱ्हाणी ऐकावीत, असा दरबार भरू लागला. आपले थोर इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हे त्याच काळात या जिल्ह्यात अधिकारी होते. त्यांनी गोंडी आत्मसात केली, तिचे व्याकरण लिहिले. प्रश्न ज्याचा आहे, त्याच्याच भाषेत तो ऐकावा, ही त्या व्याकरणामागची बुद्धी होती.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले. आंध्र प्रदेशात 1959 चा जमीन हस्तांतरण विनियम झाला. तो 1963 मध्ये तेलंगणात लागू करण्यात आला आणि 1970 मध्ये अधिक कडक झाला. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासीकडे जाऊ नये, असे त्यात स्पष्ट म्हटले होते. कायदा चोख होता. जमीन तरीही जात राहिली.

आता 20 एप्रिल 1981 या दिवसाकडे येतो. सोमवार होता, इंद्रवेल्लीच्या आठवडी बाजाराचा दिवस. गिरिजन रयतू कुली संघमने तेथे सभा बोलावली होती. हे संघटन नक्षलवादी चळवळीशी जोडलेले होते. जमिनीचे पट्टे मिळावेत, सावकारी थांबावी, मालाला रास्त भाव मिळावा, या मागण्या होत्या. सभेची परवानगी ऐन वेळी काढून घेण्यात आली, जमावबंदी जारी झाली; डोंगरांतून पायी निघालेल्या आदिवासींपर्यंत ती वार्ता पोचलीच नाही. पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने मृतांची संख्या 13 सांगितली. नागरी हक्क संघटनांनी ती साठाच्या घरात असल्याचे म्हटले.

मी त्या वेळी पैनगंगेच्या पलीकडे एका महाविद्यालयात अध्यापक होतो. सुटीत गावी आलो तो वर्तमानपत्रांचा गठ्ठा बगलेत घेऊनच गुरुजींच्या घरी गेलो. मोठ्या आवेशाने मी त्यांना सारे सांगितले. मृत तेरा की साठ, पहिला वार कोणी केला, नक्षलवाद्यांचा हात किती, मुख्यमंत्री अंजय्या राहतील की जातील. गुरुजींनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "अरे, ती माणसे इंद्रवेल्लीला आली कशासाठी होती?"

मला सांगता आले नाही. गठ्ठ्यातले प्रत्येक पान मी वाचले होते. मागण्यांचा उल्लेख कोठेतरी आतल्या पानावर चार ओळींत असेल. माझी नजर त्यावर ठरली नव्हती.

याहून मोठी शरम पुढे आहे. माझ्या पीएच.डी.चा विषय या सीमाभागातील मराठी हा होता. 1981 च्या आधी दोन-तीन वर्षे मी उटनूर, इंद्रवेल्लीच्या परिसरातील गुड्यांवर हिंडत होतो. गोंडांच्या बोलण्यात आलेले शब्द मी वहीत टिपून घेतले होते: पट्टा, पटवारी, सावकार, चौकीदार. प्रत्येकापुढे त्याची व्युत्पत्ती लिहिली. हे शब्द त्यांच्या तोंडी इतक्यांदा का येतात, हे मात्र विचारले नाही. माणसे आपले गाऱ्हाणे सांगत होती आणि मी शब्दसंग्रह करीत होतो.

श्रोतेहो, गेली चाळीस वर्षे मी या गोष्टीचा विचार करीत आलो आहे. निजामी राजवटीत अप्रिय प्रश्न विचारणाऱ्याचा आवाजच बंद होई. 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत रझाकारांनी केलेली हत्या आपल्याला ठाऊक आहे. लोकशाहीत असे उघडपणे करता येत नाही. तेथे मोठ्या प्रश्नापुढे एक लहान प्रश्न आणून उभा केला जातो. तो खोटा नसतो, हे ध्यानात घ्या. मृतांचा आकडा महत्त्वाचा नव्हता, असे कोण म्हणेल? परंतु आकड्याचा वाद सुरू झाला, की दोन्ही पक्ष त्यात गुंतून पडतात आणि जमीन कोणाची, हे विचारायचे राहून जाते. वृत्तपत्रांनाही ते सोयीचे असते. आकडा रोज बदलतो, म्हणून रोज बातमी होते. सात-बारा किंवा पहाणीपत्रक वर्षानुवर्षे तसेच राहते. त्याची बातमी कशी व्हावी?

पुढे मृतांच्या स्मरणार्थ इंद्रवेल्लीत स्तूप उभारला गेला. तो 1986 मध्ये स्फोटाने उद्ध्वस्त झाला आणि पुन्हा बांधावा लागला. नंतर कित्येक वर्षे 20 एप्रिल आला, की तेथे जमावबंदी असे. मग चर्चा कशाची? यंदा स्तूपापाशी जाऊ देणार की नाही, याची.

अलीकडचे उदाहरण तरुण श्रोत्यांना अधिक जवळचे वाटेल. ऑक्टोबर 2020 मध्ये 'आरआरआर' या चित्रपटाची झलक प्रसिद्ध झाली. तीत भीमाच्या डोक्यावर मुसलमानी टोपी दाखवली होती. त्या टोपीवरून मोठे वादळ उठले. चित्रपट 2022 मध्ये आला. त्यातला भीम दिल्लीत इंग्रजांशी लढतो. कथा काल्पनिक आहे, असे निर्मात्यांनी सांगितलेच होते, त्यामुळे त्यांना दोष देण्याचे कारण नाही. दोष असलाच तर आपला. आपण टोपीवर भांडलो. खरा भीम जंगलखात्याशी आणि महसूलखात्याशी लढला होता, आणि त्याच्याच मुलखात पोडू जमिनीवरून वनखाते व शेतकरी यांचा झगडा त्याही वर्षी चालू होता, हे त्या गदारोळात कोणाला आठवले? 2016 मध्ये आसिफाबाद जिल्ह्याला त्याचे नाव दिले गेले, ते उचितच झाले. पण पोडू जमिनीच्या पट्ट्यांचे मोठे वाटप त्याच आसिफाबादेत सुरू व्हायला जून 2023 उजाडावा लागला. संपूर्ण राज्यात मिळून ही जमीन 4 लाख एकरांहून अधिक होती. जोडेघाटनंतर 83 वर्षांनी.

आता शेवटचा आणि माझ्या दृष्टीने अवघड मुद्दा. सरकार लक्ष वळवते, वृत्तपत्रे वळवतात, हे म्हणणे सोपे आहे. परंतु आपण वळतो का? माझे आजोबा पैनगंगा ओलांडून या जिल्ह्यात आले, कापसाच्या जमिनीसाठी. या सभागृहातील अनेकांच्या घराण्यांची कथा हीच असेल. आमच्या घरात त्या शेताला 'मोकळी पडलेली जमीन' म्हणत. ती मोकळी कोणी केली, कशी केली, हे मी लहानपणी कधी विचारले नाही, मोठेपणीही नाही. 1981 साली आकड्यांचा वाद मला इतका भावला, त्याचे कारण आज कळते. त्या वादात माझ्या आजोबांचे शेत कोठेच येत नव्हते. मूळ प्रश्न विचारला असता, तर ते आले असते. ज्या बातमीमुळे आपण स्वतः सुटतो, तीच आपल्याला अधिक रंजक वाटते. लोकांचे लक्ष वळवणाऱ्याचे निम्मे काम असे ऐकणाराच करून ठेवतो.

विद्यार्थ्यांनो, वृत्तपत्र वाचणे सोडा, असे मी सांगणार नाही. अधिक वाचा. पण वाचून झाले, की घडी घालण्यापूर्वी गुरुजींचा प्रश्न स्वतःला विचारा. आणि उत्तरात आपले घर, आपले शेत, आपली जात येत असेल, तर तेथेच थांबून पुन्हा विचारा.

गुरुजींनी त्या दुपारी मला रागावले नाही. चहा दिला आणि गठ्ठा परत हातात ठेवून म्हणाले, "घरी जाऊन पुन्हा वाच." तो गठ्ठा मी जपून ठेवला आहे. आज तो शाळेच्या ग्रंथालयाला देत आहे. त्यासोबत माझी शब्दसंग्रहाची वहीही देत आहे. शब्दांपुढचे रकाने पुष्कळ मोकळे आहेत. येथील गोंड विद्यार्थ्यांनी ते भरावेत, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.