वार, मेण आणि मेंढीचे कोकरू

१/ नवजात अर्भकाच्या देहात सुमारे ३० ग्रॅम कॅल्शियम असते. ते सारे आईच्या रक्तातून, वारेच्या मार्गाने आलेले असते. त्यातील बहुतांश तर अखेरच्या तीन महिन्यांत. ही वाट माणसाला कशी उमगली, त्याचा हा धागा.

२/ माता आणि गर्भ यांच्या रक्तवाहिन्या थेट जोडलेल्या असतात, असे अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक वैद्य मानत. रक्तच एक असेल, तर पोषण पोहोचते कसे हा प्रश्न उरतच नाही.

३/ मे १७५४, लंडन. दिवस भरत आले असता मृत्यू पावलेल्या एका स्त्रीच्या गर्भाशयाच्या वाहिन्यांत कॉलिन मॅकेन्झीने रंगीत मेण भरले आणि तपासणीसाठी जॉन हंटरला बोलावले. मेण वारेत उतरले होते, गर्भाच्या वाहिन्यांत मात्र नव्हते. दोन रक्ते वेगळी होती.

४/ १७८० मध्ये जॉनने रॉयल सोसायटीपुढे या शोधावर हक्क सांगितला. थोरला भाऊ विल्यम यानेही सांगितला. सख्खे भाऊ दुरावले. श्रेयाच्या या भांडणात ती स्त्री निनावीच राहिली.

५/ विसाव्या शतकात नवे कोडे पुढे आले. गर्भाच्या रक्तातील कॅल्शियम आईच्या रक्ताहून अधिक भरते. म्हणजे ते आपसूक झिरपत नाही. चढावर पाणी चढवावे तसे वारेच्या पेशी ऊर्जा खर्चून ते पुढे ढकलतात. पण त्यांना हुकूम कोण देतो?

६/ उत्तराचा माग कर्करोगातून लागला. काही गाठींमुळे रक्तातील कॅल्शियम वाढते. ती गाठ पॅराथायरॉइड संप्रेरकासारखे काही स्रवत असावी, असा तर्क फुलर ऑलब्राइटने १९४१ मध्ये मांडला. १९८७ मध्ये मेलबर्नच्या संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशींतून ते प्रथिन वेगळे काढले.

७/ पुढच्याच वर्षी मेंढीच्या गर्भावरील प्रयोग प्रसिद्ध झाले. गर्भातील कोकराच्या पॅराथायरॉइड ग्रंथी काढताच वारेतील कॅल्शियमची वाहतूक मंदावली. नेहमीचे पॅराथायरॉइड संप्रेरक देऊन ती सावरली नाही. हे नवे प्रथिन देताच सावरली. रोगात सापडलेला रेणू गर्भाच्या नित्याच्या सेवेत होता.

८/ आईचा देहही स्वस्थ बसत नाही. गरोदरपणात तिचे आतडे अन्नातून जवळपास दुप्पट कॅल्शियम शोषते. मात्र ताटातच ते नसेल, तर भार तिच्या हाडांवर येतो. वारेचा इतिहास वाचताना म्हणूनच १७५४ ची ती निनावी स्त्री आठवावी. गर्भाकडे जाणाऱ्या प्रत्येक कणाची नोंद आपण ठेवू लागलो; तो कण जिच्याकडून निघाला, तिची नोंद ठेवणेही तितकेच अगत्याचे आहे.