जुन्या संगणकाची लिनक्स फायरवॉल: काय लागतं, कशी बसवायची आणि ती कुठे थांबते

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे शाळा, वाचनालयं, पतसंस्था आणि लहान दुकानांत चालू स्थितीतले, पण कामावरून काढलेले संगणक कोपऱ्यात पडून आहेत. यातल्या एखाद्याचा चांगला उपयोग म्हणजे कार्यालयाच्या इंटरनेटवर पहारा ठेवणारी फायरवॉल. सॉफ्टवेअर मोफत आहे. खर्च होतो तो एका नेटवर्क कार्डाचा, थोड्या केबलचा आणि विजेचा.

गरज कुठे असते, हे आधी पाहू. बऱ्याच लहान संस्थांत इंटरनेट कंपनीने दिलेला एकच राऊटर असतो. हिशेबाचा संगणक, प्रिंटर, सीसीटीव्हीचा डीव्हीआर आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे मोबाईल, सगळं त्याच वायफायवर. म्हणजे पासवर्ड विचारून जोडलेला कुणाचाही फोन सभासदांच्या खात्यांच्या संगणकापासून एका पावलावर असतो. फायरवॉलचं खरं काम बाहेरच्यांना अडवण्याइतकंच आतल्या आत भिंती घालण्याचंही आहे.

ती काम कशी करते

इंटरनेटवरची माहिती लहान तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये येते. प्रत्येक पॅकेटवर कुठून आलं, कुठे जायचं आणि कोणत्या पोर्टवर, हे लिहिलेलं असतं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, हा पत्ता वाचून पॅकेट सोडायचं की टाकून द्यायचं ते ठरवतो. कर्नलमधल्या या यंत्रणेचं नाव नेटफिल्टर. जानेवारी २००१ मध्ये आलेल्या २.४ कर्नलपासून ती आहे. तिला नियम सांगण्याचं जुनं साधन आयपीटेबल्स. नवं एनएफटेबल्स, जे जानेवारी २०१४ मधल्या ३.१३ कर्नलमध्ये आलं.

नेटफिल्टर चालू संभाषणं लक्षात ठेवतं. आतल्या संगणकाने एखादं संकेतस्थळ मागितलं, तर त्याचं उत्तर आत येऊ दिलं जातं. न मागता बाहेरून कुणी दार वाजवलं, तर ते पॅकेट टाकून दिलं जातं. बहुतेक संरक्षण या एका नियमातून मिळतं.

कोणता संगणक चालेल

प्रोसेसर ६४ बिटचा असावा. आयपीफायर आता ३२ बिटवर चालत नाही, आणि डेबियननेही ऑगस्ट २०२५ मधल्या १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट संगणकांवरची स्थापना बंद केली. कोअर २ ड्युओ किंवा त्यानंतरचा कोणताही चालतो. रॅम २ जीबी असली की साध्या कामाला पुरते.

नेटवर्क कार्डं किमान दोन हवीत: एक बाहेरच्या वायरसाठी, एक आतल्यासाठी. पाहुण्यांचं वायफाय वेगळं ठेवायचं असेल तर तीन. जुनं १०० एमबीपीएसचं कार्ड घातलं तर १५० एमबीपीएसचा प्लॅन असूनही वेग १०० च्या आतच राहील. म्हणून गिगाबिट कार्ड घ्यावं. मदरबोर्डवर पीसीआय एक्सप्रेस खाच असेल तर तीच वापरावी. साध्या पीसीआय खाचांचा सगळा मार्ग सामाईक असतो, त्यामुळे दोन कार्डं एकमेकांचा वेग खातात.

काम सुरू करण्याआधी डबा उघडून धूळ काढावी, पंखे फिरतात का पाहावं आणि मदरबोर्डची बटणासारखी सेल बदलावी. ती गेली की घड्याळ चुकतं, आणि घड्याळ चुकलं की नोंदींना अर्थ उरत नाही. मदरबोर्डवरचे फुगलेले कपॅसिटर दिसले तर तो संगणक या कामाला नको. जुन्या हार्ड डिस्कऐवजी लहान एसएसडी टाकली तर वीज आणि आवाज दोन्ही कमी.

विजेचा हिशोब आधी

फायरवॉल चोवीस तास चालते. ७० वॅट खाणारा डेस्कटॉप महिन्याला सुमारे ५० युनिट घेतो. २५ वॅटचा लहान संगणक किंवा थिन क्लायंट १८ युनिट. १० वॅटचा साधा राऊटर ७ युनिट. हेस्कॉम असो, गोव्याचं वीज खातं असो की इंदूरची वीज कंपनी, दर वेगळे, पण युनिट तेवढीच. युनिटला ७ रुपये धरले तर पहिल्याचे महिन्याला सुमारे ३५० रुपये होतात, दुसऱ्याचे सुमारे १२५. जुना पेंटियम ४ फुकट मिळाला तरी वर्षभरात तो महाग पडतो, तो असा.

जुना लॅपटॉप वीज कमी खातो, आणि करंट गेला तर त्याची बॅटरी यूपीएसचं काम करते. मात्र त्याला नेटवर्कचं एकच तोंड असतं. दुसरं यूएसबी अडॅप्टरने द्यावं लागतं. डेस्कटॉपला लहान यूपीएस लावावा, आणि बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप सुरू होण्याची सेटिंग चालू करावी. नाहीतर सकाळी कुणीतरी बटण दाबेपर्यंत सगळं कार्यालय बंद.

सॉफ्टवेअर कोणतं

तीन मार्ग आहेत.

- आयपीफायर: फायरवॉलसाठीच बनवलेलं लिनक्स. ब्राऊझरमधून सगळं करता येतं. पहिल्यांदा करणाऱ्याला हेच सोयीचं.
- ओपनडब्ल्यूआरटी: मूळ राऊटरसाठीचं, पण साध्या पीसीवरही चालतं. फार थोड्या रॅममध्ये भागतं, ३२ बिटची आवृत्तीही मिळते.
- डेबियन आणि एनएफटेबल्स: नियम हाताने लिहायचे. शिकायला उत्तम, पण ज्याने लिहिले तो गाव सोडून गेला तर मागच्यांची पंचाईत.

पीएफसेन्स आणि ओपीएनसेन्स ही नावंही कानावर येतात. ती चांगली आहेत, पण लिनक्स नव्हेत. त्यांचा पाया फ्रीबीएसडी आहे.

आयपीफायर बसवताना

१. फाईल अधिकृत ठिकाणाहूनच उतरवावी, तिथे दिलेला चेकसम जुळतो का पाहावं आणि मग पेन ड्राईव्हवर लिहावी. स्थापनेत डिस्कवरचं सगळं पुसलं जातं. जुन्या पावत्या, फोटो, टॅलीचा डेटा आधी काढून घ्यावा.

२. स्थापनेत दोन पासवर्ड विचारले जातात: रूट, म्हणजे यंत्राचा पूर्ण मालक, आणि ॲडमिन, म्हणजे ब्राऊझरमधून कारभार पाहणारा. दोन्ही वेगळे ठेवावेत.

३. जाळ्याचे भाग रंगांनी ओळखले जातात. रेड म्हणजे बाहेरचं इंटरनेट, ग्रीन म्हणजे आतले विश्वासाचे संगणक, ब्लू म्हणजे वायफाय, ऑरेंज म्हणजे बाहेरच्यांना दिसायला हवा असा सर्व्हर. वाचनालय किंवा पतसंस्थेला रेड, ग्रीन आणि ब्लू पुरतात.

४. कोणतं कार्ड कोणत्या रंगाचं हे सांगताना गोंधळ होतो, कारण सारखी कार्डं पडद्यावर मॅक पत्त्यांवरूनच ओळखावी लागतात. कार्ड बसवण्याआधीच त्याच्यावरचा मॅक पत्ता कागदावर लिहून घ्यावा. नंतर डब्याच्या मागे त्या त्या रंगाची चिकटपट्टी लावली की कामच झालं.

५. पत्ते वेगळे ठेवावेत. कंपनीचा राऊटर १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते देत असेल, तर ग्रीनला १९२.१६८.१० आणि ब्लूला १९२.१६८.२० ची मालिका द्यावी. दोन्हीकडे एकच मालिका आली तर पॅकेटला वाट सापडत नाही आणि काहीच चालत नाही.

६. ग्रीनमध्ये पत्ते आपोआप वाटणारी डीएचसीपी सेवा सुरू करावी. मग आतल्या संगणकावरून फायरवॉलच्या ग्रीन पत्त्यावर, ४४४ पोर्टवर ब्राऊझर उघडावा. प्रमाणपत्राबद्दल इशारा येतो. ते प्रमाणपत्र फायरवॉलनेच तयार केलेलं असल्याने पहिल्यांदा तो येणारच.

कंपनीच्या राऊटरचं काय

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. फायरवॉल बसली, पण कंपनीच्या राऊटरचं वायफाय चालूच राहिलं, तर त्यावरचे सगळे फोन पहाऱ्याला वळसा घालून जातात. ते वायफाय बंद करावं, आणि राऊटरमधून फक्त एकच केबल निघावी, ती रेड कार्डात.

राऊटर ब्रिज मोडवर टाकता आला तर उत्तम. मग पीपीपीओईचं वापरकर्ता नाव आणि पासवर्ड फायरवॉलमध्ये भरावे लागतात. काही ठिकाणी व्हीलॅन क्रमांकही लागतो. हे तपशील आधीच मागून ठेवावेत. ब्रिज मोड मिळाला नाही तरी काम चालतं, फक्त पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते.

जुना वायफाय राऊटर ब्लूसाठी वापरता येतो. त्याचं डीएचसीपी बंद करायचं, त्याला ब्लूच्या मालिकेतला एक मोकळा पत्ता द्यायचा आणि केबल वॅनच्या नव्हे, लॅनच्या तोंडात लावायची. आयपीफायरमध्ये ब्लूवरच्या उपकरणांना आधी परवानगी द्यावी लागते. आजकालचे फोन मॅक पत्ता बदलत राहतात, त्यामुळे पाहुण्यांसाठी एकेक फोन नोंदवण्याऐवजी ब्लूच्या सगळ्या मालिकेलाच परवानगी द्यावी. त्यांना इंटरनेट मिळतं, ग्रीनमध्ये मात्र शिरता येत नाही.

हाताने नियम लिहिणाऱ्यांसाठी

डेबियनवर क्रम असा ठेवावा: चालू संभाषणाची पॅकेटं सोडा, मोडकी पॅकेटं टाका, यंत्राचं स्वतःशी बोलणं सोडा, ग्रीनमधून बाहेर जाऊ द्या, उरलेलं सगळं टाका. फायरवॉलकडे येणारी आणि तिच्यातून जाणारी, अशा दोन्ही साखळ्यांचं मूळ धोरण नकाराचं हवं. ग्रीनकडून कारभारासाठी एसएसएच आणि पत्ते-नावांच्या सेवा तेवढ्या उघड्या ठेवाव्यात. कर्नलमध्ये पॅकेट पुढे पाठवण्याची परवानगी आणि रेडवर मास्करेड चालू करावं लागतं. नियमांचा तक्ता आयनेट प्रकारचा ठेवावा, म्हणजे आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींना तोच नियम लागतो. फक्त पहिल्याचे नियम लिहिले तर दुसरं दार उघडं राहू शकतं.

तपासल्याशिवाय विश्वास नको

ब्लूवरच्या फोनवरून ग्रीनमधल्या संगणकाला पिंग करून पाहावं. उत्तर येता कामा नये. नंतर एक लॅपटॉप कंपनीच्या राऊटरच्या दुसऱ्या तोंडाला लावून एनमॅपने रेड पत्ता तपासावा. उघडं पोर्ट दिसू नये. कंपनीने एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटला असेल तर मोबाईल डेटावरून केलेली तपासणी फायरवॉलपर्यंत पोचतच नाही. तिच्यावर समाधान मानू नये.

अद्यतनं महिन्यातून एकदा तरी पाहावीत. सेटिंगची प्रत दुसरीकडे ठेवावी. पासवर्ड आणि जोडणीचा नकाशा बंद पाकिटात संस्थेच्या कपाटात असावा. यंत्र जुनं आहे, ते कधीतरी बसणारच. त्या दिवसासाठी काय करायचं, हे कागदावर लिहिलेलं हवं.

नोंदींचाही विचार करावा. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, डेटा सेंटर, कंपन्या आणि सरकारी संस्थांनी आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपायच्या आहेत. नोंदणीकृत संस्थेने हे आपल्याला लागू आहे का ते लेखापरीक्षकाला किंवा वकिलाला विचारून घ्यावं.

जिथे फायरवॉलचं काही चालत नाही

आज बहुतेक संकेतस्थळं एचटीटीपीएसवर असतात. त्यामुळे पॅकेट कुठे चाललं ते फायरवॉलला दिसतं, आत काय आहे ते नाही. कर्मचाऱ्याने स्वतःच खोट्या लिंकवर पासवर्ड टाकला, पेन ड्राईव्हमधून विषाणू आला, किंवा बँकेचा माणूस म्हणून आलेल्या फोनवर कुणी ओटीपी सांगितला, तर कोणताही डबा ते अडवू शकत नाही. पैसे गेल्याचं लक्षात आलं की लगेच १९३० वर फोन करावा. राज्य कोणतंही असो, नंबर हाच. तक्रार जितकी लवकर, तितकी रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवली जाण्याची शक्यता जास्त.